दोरीचा वाटा

काशीरामने सहदेवला पैसे दिले, ते अण्णा परुळेकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पंपाच्या खोलीमागे, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. काशीरामने आधी हात पँटला पुसले, खिशातून नोटा काढल्या, त्यातल्या काही वेगळ्या केल्या आणि सहदेवच्या हातावर ठेवल्या. सहदेवने त्या मोजल्या नाहीत. तशाच खिशात घातल्या आणि डबा उघडून जेवायला बसला.

न मोजता घेतले म्हणजे आकडा आधीच ठरलेला होता. अण्णांच्या मनात पहिल्यांदा हेच आलं. त्यांची सगळी नोकरी एका औषध कंपनीच्या स्टोअरमध्ये गेली होती. जो माणूस माल न मोजता घेतो त्याच्याकडे आधी लक्ष द्यायचं, ही तिथली सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नव्हती.

बोरीवली पश्चिमेला, बाभई नाक्याच्या आतल्या बाजूला त्यांची सोसायटी. जुन्या वाडीच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या, पण बांधणाऱ्याने झाडं बरीचशी ठेवली. त्यामुळे आवारात दोन मोठे रेन ट्री होते, फणस होता, आंबे होते आणि कुंपणाच्या कडेने माड. बागेचं रोजचं काम सहदेव करायचा. तो सोसायटीचा माळी, महिन्याच्या पगारावर. काशीराम झाडावर चढणारा. वर्षातून दोन-तीनदा यायचा, माडाच्या सुकलेल्या झावळ्या काढायला, आणि पावसाच्या आधी महापालिकेची परवानगी आली की मोठ्या झाडांच्या धोक्याच्या फांद्या उतरवायला. दोघं सावंतवाडीकडचे, शेजारशेजारच्या गावांतले. काशीरामला या सोसायटीत आणलं तेच मुळी सहदेवने.

आणि यंदा वाद पेटला होता तो या दोघांच्या पैशांवरून. सहदेव कमिटीपुढे येऊन उभा राहिला होता आणि त्याने सरळ सांगितलं होतं, की काशीराम दोन दिवसांत नेतो तेवढं मला महिनाभर राबून मिळतं. त्याचं कमी करा असं मी म्हणत नाही. माझं वाढवा.

कमिटीत त्यावर बरंच बोलणं झालं. खजिनदार शर्मिष्ठा कर्णिक म्हणाल्या, की वाढवत बसण्यापेक्षा बाग एखाद्या एजन्सीला देऊन टाकू. गणवेशातली माणसं येतील, झाडावर चढणारेही त्यांचेच, रजा-बोनसची कटकट नाही. सहदेवला एक महिन्याची नोटीस द्यायची. सेक्रेटरी चंद्रप्रकाश वैद्यांनी नेहमीप्रमाणे मधला रस्ता काढला. "बागेचं अण्णा बघतात. येत्या रविवारी अण्णा सांगतील तसं करू."

म्हणजे सहदेवची नोकरी अण्णांच्या एका शब्दावर येऊन थांबली होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात अण्णांनी पंपाच्या खोलीमागचा तो व्यवहार पाहिला.

बागेचं खातं अण्णांनी मागून घेतलं नव्हतं. ते शुभाचं, त्यांच्या बायकोचं. ती खाली उतरायची, सहदेवशी तासन्‌तास बोलायची, कुठे काय लावायचं ते ठरवायची. गेल्या दिवाळीच्या सुमारास ती गेली. महिन्याभराने चंद्रप्रकाश घरी आले आणि म्हणाले, "अण्णा, तेवढं बागेचं बघा आता. जरा खाली उतरणं होईल." अण्णांनी मान हलवली, कारण नाही म्हणायलाही त्या दिवसांत शब्द लागायचे.

पण खाली उतरल्यावर एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सगळ्यांना त्यांच्या घरातलं त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं की शुक्रवारी अर्धा लिटर जास्त लागतं. इस्त्रीवाल्याला माहीत होतं की कुठली साडी परत आलेली नाही. आणि जो तो सांगायचा, वहिनींनी असं सांगितलं होतं, काकूंनी तसं ठरवलं होतं. खरं किती, खोटं किती, कोण सांगणार? जिला विचारायचं तीच नव्हती. अण्णांनी घरातल्या तेलाच्या डब्यावर पेनाने रेघ मारायला सुरुवात केली. पोळ्या करणारी मानसी ती रेघ बघायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही, याचाही अण्णांना संशय यायचा.

त्या दुपारनंतर अण्णांनी सगळी जुळणी लावून पाहिली. कुठली फांदी धोक्याची आहे हे कमिटीला कोण सांगतं? सहदेव. जितक्या फांद्या जास्त, तितके पैसे काशीरामला. आणि त्यातला हिस्सा परत सहदेवला. वर हाच सहदेव कमिटीपुढे येऊन म्हणणार, की बघा, काशीरामला किती मिळतात आणि मला किती. दोन्हीकडून खायचं. अण्णा खाली जाऊन आदल्या दिवशी उतरवलेल्या फांद्यांचे तुकडे बघून आले. एक तुकडा त्यांना आतून चांगला, ओला दिसला. चांगली फांदी कापली असणार. त्यांना झाडातलं फारसं कळत नव्हतं, पण ओलं आणि सुकं कळत होतं.

संध्याकाळी ते शर्मिष्ठाबाईंना लिफ्टपाशी भेटले आणि न राहवून बोलून गेले.

"दोघं मिळून खातात असं दिसतंय."

"मी काय म्हणत होते?" शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त रविवारी हे बोला. एजन्सीचं कोटेशन मी घेऊन येते."

अण्णांना त्या क्षणी बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी कुणीतरी त्यांचं म्हणणं लगेच मान्य केलं होतं.

तरी नुसत्या बघण्यावर बोलायचं नाही, खातरजमा करायची, हीही स्टोअरचीच शिस्त. दुसऱ्या दिवशी काशीराम माडावरून खाली उतरून पाणी पीत बसला होता. पन्नाशीकडे झुकलेला, बारका, पोटऱ्यांवर जुन्या खरचटण्याचे पांढरे डाग. अण्णा त्याच्याशेजारी कट्ट्यावर टेकले.

"काय रे काशीराम, यंदा काम चांगलं मिळालं म्हणायचं."

"मिळाला. पाऊस पडलो की संपला."

"दोन दिवसांत माळ्याचा महिन्याचा पगार."

काशीरामने बाटलीचं झाकण लावलं. "अण्णानू, तुमी दोन दिवस मोजतास. मी पावसात चार महिने घराक बसान ऱ्हवतंय, तेव्हा माका कोण पगार दिता? पाय घसरलो तर बायकोक कोण दिता? आणि साठीक पोचलंय की माका कोण झाडार चढवतलो? सहदेव साठीक पण पाइप धरतलो."

हे बोलणं अण्णांना पटलं, आणि पटलं म्हणूनच त्यांना ते तयार करून ठेवल्यासारखं वाटलं.

"बरोबर आहे. मग त्या पैशातले सहदेवला कशाला देतोस?"

काशीरामने बाटली बाजूला ठेवली. "ता आमच्या दोघांतला."

"पैसे सोसायटीचे आहेत."

"सोसायटीन दिल्यान, ते माझे झाले. पुढे मी खंय घालतंय, ता कित्याक विचारतास?" तो उठला आणि कोयता कमरेला लावून पुढच्या माडाकडे गेला.

लपवतोय. अण्णांना आता शंका उरली नाही, फक्त कबुली हवी होती. आणि कबुली कशी काढायची हे त्यांना ठाऊक होतं. दोन माणसं मिळून काही करत असतील तर एकाला सांगायचं, की दुसरा बोललाय. स्टोअरमध्ये ही युक्ती कधी वाया गेली नव्हती.

सहदेव मागच्या बाजूला, सुकलेला पाला टाकायच्या खड्ड्याशी होता. अण्णा खड्ड्याच्या काठावर जाऊन उभे राहिले.

"सहदेव, काशीराम सगळं बोलला माझ्याशी."

"काय बोलला?"

"तू त्याच्याकडून पैसे घेतोस ते. म्हणाला, द्यावेच लागतात. नाही दिले तर तू त्याला गेटच्या आत पाऊल टाकू देत नाहीस."

सहदेव फावडं टेकून उभा राहिला. अण्णा त्याच्या तोंडाकडे बघत होते. घाबरेल, नाही म्हणेल, काशीरामला शिव्या घालेल, यातलं काहीतरी होईल अशी त्यांची अपेक्षा होती.

"असं म्हणाला?" सहदेवने विचारलं.

"असंच म्हणाला."

"काशीराम?"

"आणखी कोण?"

सहदेवने फावड्याने खड्ड्यातला पाला दाबला. मग म्हणाला, "वहिनींना ठाऊक होतं ते पैसे कसले आहेत. त्यांच्यासमोर द्यायचा तो."

अण्णांचा आवाज चढला. "हे बघ. गेलेल्या माणसाला साक्षीला आणायचं नाही. माझ्या घरी येऊन जो तो हेच करतो. तुला काय सांगायचंय ते तुझं सांग."

"मग काही सांगायचं नाही," सहदेव म्हणाला आणि पाला ओढायला लागला.

अण्णांना ती रात्र चांगली गेली नाही, पण ते त्यांनी उकाड्यावर ढकललं.

शनिवारी एकच काम बाकी होतं, पण ते सगळ्यांत मोठं. मुलांच्या झोपाळ्यांवर आलेली रेन ट्रीची आडवी फांदी. तिच्यासाठी सहदेवनेच महिनाभर मागे लागून परवानगी आणायला लावली होती. अण्णा मुद्दाम लवकर खाली आले आणि अगदी झाडाजवळ उभे राहिले. आतापर्यंत ते लांबून, बाकावर बसून बघत. आज त्यांना जवळून बघायचं होतं, की हे दोघं आपसात काय बोलतात.

काशीरामने दोरी सोडवली. तिचं एक टोक कमरेला बांधलं. मधला भाग वरच्या बेचक्यातून टाकायचा होता, आणि दुसरं टोक बुंध्याला वेढा देऊन खालच्या माणसाने धरायचं. वर चढणारा घसरला तर तो वेढा आणि तो माणूस, एवढंच त्याला धरून ठेवणार. हे काम नेहमी सहदेव करायचा. माळीकामाच्या पगारात ते येतं की नाही, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

काशीरामने दोरीचं टोक सहदेवच्या हातात दिलं आणि सहज, पाणी हवंय का विचारावं तसं विचारलं, "मन साफ आसा मां?"

सहदेव दोरीचं टोक बोटांत फिरवत राहिला.

काशीरामने झाडाला हात लावून नमस्कार केला आणि वळून पुन्हा विचारलं. "सहदेवा. मन साफ आसा मां?"

"नाही," सहदेव म्हणाला.

त्याने दोरीचं टोक जमिनीवर ठेवलं. टाकलं नाही, वाकून ठेवलं. "तुझ्याबद्दल माझ्या मनात आलंय. आज दोरी दुसऱ्याकडे दे." एवढं बोलून तो पाण्याचा पाइप उचलून कुंपणाकडे निघून गेला.

 काशीरामने कमरेची गाठ सोडली, मग तो दोरी कोपर आणि अंगठ्यामध्ये गुंडाळायला लागला आणि पूर्ण गुंडाळून झाल्यावर झाडाच्या मुळावर बसला.

"अरे, बसलास काय?" अण्णा म्हणाले. "तो नाही तर आपला वॉचमन देवेश आहे. तरणा आहे, ताकद आहे. त्याला बोलावतो."

"ताकद नको माका."

"मग?"

"मी चढूचंय नाय आज."

"म्हणजे काय? परवानगीची मुदत संपते आहे. खाली पोरं खेळतात."

"पोरांका आज खेळूक सोडू नकात." काशीरामने तंबाखूची पुडी काढली.  "अण्णानू, तुमी परवा इचारलात मां, पैसे कित्याक दितंय म्हणान. ते दोरीचे. खाली जो ऱ्हवता त्याचो तिसरो वाटो. माझ्या बापाशीन पण असोच दिल्यान."

"मग ते सोसायटीकडे मागायचे. सोसायटीने दिले असते सहदेवला."

"सोसायटीन दिल्यान तर तो सोसायटीचो माणूस. मी दिलंय तर तो माझो." काशीराम हे समजावत नव्हता, नुसतं सांगत होता. "वर मी असतंय, तेव्हा खाली माका माझो माणूस व्हयो. आणि त्याका मी इचारतंय. घराक भांडान इलो आसात, माझ्यावर राग आसात, तर तो नाय म्हणता. नाय म्हटल्यान की त्या दिवशी त्याका पण पैसो नाय, माका पण नाय."

 अण्णांचं डोकं मात्र जुन्या वाटेनेच चाललं होतं. हे दोघांनी ठरवून माझ्यासमोर केलं असेल तर? उद्या मीटिंग आहे हे दोघांनाही माहीत आहे. गरीब बिचारे, किती इमानदार, असं मला वाटावं म्हणून? पण मग त्यांना आठवलं, की या सगळ्यात दोघांपैकी एकानेही एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. नाटक करणारा माणूस कधी ना कधी बघणाऱ्याकडे बघतोच. स्टोअरच्या गेटवर पिशवी उघडून दाखवणारे कितीतरी लोक त्यांनी पाहिले होते. पिशवीत काही असलं की डोळे अण्णांवर असायचे.

आणि चोरीचे पैसे घेणारा माणूस मन साफ नाही म्हणून आपला वाटा सोडून निघून जात नाही.

सहदेवचं मन खराब झालं होतं, ते काशीराममुळे नव्हे. ते खड्ड्याच्या काठावर अण्णांनीच केलं होतं. काशीरामला हे माहीतही नव्हतं. उद्या सहदेवची नोकरी गेली तर ती त्याच्या चोरीमुळे नव्हे, अण्णांच्या संशयामुळे जाणार होती.

अण्णा कुंपणाकडे गेले. सहदेव जास्वंदीला पाणी घालत होता.

"सहदेव, मी परवा खोटं बोललो. काशीराम तसं काही म्हणाला नव्हता. तुझ्या तोंडून काढून घ्यायचं होतं म्हणून मी बोललो."

सहदेवने पाइप दुसऱ्या झाडाकडे वळवला. "आता खरं बोलताय कशावरून?"

पाणी चपलांपर्यंत आलं तसे अण्णा मागे सरकले.

"फांदी उतरवून घ्यायची आहे ना आज," सहदेव म्हणाला. "मी दोरी धरली की तो चढेल. तुमचं काम होईल. उद्या मीटिंगमध्ये मला काढायचं ते काढालच. कर्णिक बाई एजन्सीवाल्याला घेऊन फिरत होत्या काल आवारात. मी काय आंधळा आहे?"

"चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"काशीरामपुढे. त्याच्यासमोर सांगतो."

सहदेव निघाला खरा, पण पाइप बंद न करता, आळ्यात तसाच सोडून निघाला, लगेच परत यायचं असल्यासारखा. झाडाखाली तिघं उभे राहिले. अण्णांनी जे केलं ते सगळं पुन्हा, काशीरामच्या तोंडावर सांगितलं. सांगताना त्यांना आपला आवाज परका वाटला. या वयात असं उभं राहून कबूल करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

काशीराम अण्णांवर चिडला नाही. तो हसला, पण कडवट. "स्टोअरात होतात मां तुमी? तरीच." मग तो सहदेवकडे वळला आणि त्याचं हसू गेलं. "आणि तू? तू त्येंचा ऐकलंस?"

सहदेवने पायाने एक वाळकी काटकी बाजूला केली.

"इतक्या वर्षांत मी तुका कधी विचारूक इलंय, माझ्याबद्दल कोणाकडे काय बोललंस म्हणान? तू माका एकदा विचारूचा होता. एकदा."

"शरम वाटली विचारायची," सहदेव म्हणाला.

"आता माझ्या मनात इला," काशीराम म्हणाला. "जा तू. आज काय होवचा नाय."

अण्णांना वाटलं होतं, खरं सांगितलं की गाठ सुटेल. ती उलट दुसऱ्या बाजूने आवळली गेली होती. सहदेव पाण्याकडे गेला. काशीराम कोयता, करवत पिशवीत भरायला लागला. अण्णा तिथेच घुटमळत राहिले, आणि शेवटी त्यांनी जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं तेच विचारलं.

"काशीराम, शुभाला, म्हणजे वहिनींना हे माहीत होतं? हे मन साफ आहे का वगैरे?"

"वैनी?" काशीरामने पिशवीचं तोंड बांधता बांधता वर पाहिलं. "त्या हयच उभ्या ऱ्हवायच्या, तुमी आता आसात थंय. माझा इचारून झाला की त्या परत सहदेवाक इचारायच्या, 'नक्की ना रे?' तो हो म्हणालो की मगे माका म्हणायच्या, जा आता."

नक्की ना. रोज झोपताना अंधारात शुभा हेच विचारायची. गॅस बंद केलात, नक्की ना? कडी लावलीत, नक्की ना? अण्णांना चिडायला व्हायचं.  लगेच दुसरा विचारही आला, की हे दोन शब्द कुणीही म्हणतं, अर्धी मुंबई म्हणते. याने सांगितलं म्हणून ते शुभाचे होत नाहीत. अण्णा दोन्ही विचार तसेच घेऊन घरी गेले. त्यातला कुठला खरा, हे ठरवायला त्यांच्यापाशी काही साधन नव्हतं.

रविवारी मीटिंग सोसायटीच्या ऑफिसात भरली. पंखा एकच, माणसं आठ-दहा. शर्मिष्ठाबाईंनी कोटेशनची झेरॉक्स सगळ्यांपुढे ठेवली होती. चंद्रप्रकाश म्हणाले, "हां अण्णा, बोला."

"काशीरामचा दर आहे तसाच ठेवा," अण्णा म्हणाले. "तो जास्त वाटतो, पण त्यात त्याचे पावसाळ्याचे रिकामे महिने आहेत, आणि जिवाची जोखीम आहे. तो फरक रास्त आहे. सहदेवचा पगार मात्र वाढवा. त्याची नोकरी ठेवा. तो काशीरामची दोरी धरतो. त्याचे पैसे आपण कधीच दिले नाहीत. आजवर ते काशीराम स्वतःच्या खिशातून देत आलाय."

शर्मिष्ठाबाईंनी चष्मा काढला. "एक मिनिट. म्हणजे सहदेवला वरून पैसे मिळतात."

"दोरीचे मिळतात."

"मिळतात ना पण? मग वाढ कशाला?"

हे असं उलटेल हे अण्णांच्या ध्यानात आलं नव्हतं. खरं सांगितलं तर सहदेवचं भलं होईल, इतकाच त्यांचा हिशेब होता. "ते काशीराम देतो," ते म्हणाले. "वर्षातून दोन-तीनदा. मी विचारतोय ते आपण काय देतो. बाकीचे सगळे दिवस तो आपल्यासाठीच राबतो ना?"

"अण्णा, तुम्हीच मला लिफ्टपाशी सांगितलंत की दोघं मिळून खातात."

"सांगितलं. ते चुकीचं होतं."

"चार दिवसांत असं काय झालं?"

"आणि ती झोपाळ्यावरची फांदी पण तशीच आहे म्हणे," सी विंगचा नितेश म्हणाला. "काम अर्धवट, आणि पगार वाढवा? भारीच आहे यार. अण्णा, तुमचा पण वाटा ठरलाय की काय?"

दोघं-तिघं हसले. नितेशही हसतच म्हणाला होता, पण बोलून झाल्यावर सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं, आणि ते बघणं अण्णांना पुरतं ओळखीचं होतं. आयुष्यभर ते स्वतः असेच बघत आले होते. नाही म्हणावं, तर चोरही नाहीच म्हणतो. खिसे उलटे करून दाखवले तरी कुणी म्हणेल, की घरी ठेवून आले असतील.

"फांदी राहिली ती माझ्यामुळे," अण्णा म्हणाले. "मी त्या दोघांत खोटं बोलून भांडण लावलं. मला वाटलं, चोर पकडतोय. माझा वाटा नाही, नितेश. पण तो नाही हे मला दाखवता येणार नाही. सहदेवलाही येत नव्हतं. म्हणून त्याला काढायचं असेल तर आधी मला काढा."

 नितेश मोबाइल चाळायला लागला. चंद्रप्रकाश घसा खाकरून म्हणाले, "असं कुणी कुणाला काढत नाही हो, अण्णा. चहा सांगा रे."

चहा आला. मग त्यांनी पुन्हा मधला रस्ता काढला. एजन्सी यंदा नको. सहदेवला त्याने मागितलं त्याच्या निम्मी वाढ, पुढच्या वर्षी पुन्हा विचार. बागेची जबाबदारी अण्णांची. शर्मिष्ठाबाईंनी आपला विरोध मिनिट्समध्ये नोंदवायला लावला. नोंदवला गेला.

अण्णा तिथूनच बागेत गेले. सहदेव माडाच्या आळ्यात माती भरत होता. तो उठला नाही.

"राहिलास," अण्णा म्हणाले. "वाढही दिली. तू मागितलीस त्याच्या निम्मी."

"आणि बाकीची?"

"पुढच्या वर्षी बघू म्हणाले."

"हूं." सहदेवने माती थापली. "काशीरामचं कमी केलं काय?"

"नाही."

"त्याला सांगितलंत?"

"तू सांग."

"फोन उचलत नाही तो माझा." सहदेव हात झटकत उभा राहिला. "फांदीचं त्यालाच विचारा आता. परवानगी वाढवून घ्यावी लागेल. आणि हे वाढीचं कुठे लिहिलंय की नुसतं तोंडी?"

"मिनिट्समध्ये लिहिलंय."

"दाखवा."

अण्णा ऑफिसात परत गेले, मिनिट्सच्या पानाची झेरॉक्स काढून घेऊन आले. सहदेवने नळाखाली हात धुतले, शर्टाला पुसले आणि कागद घेऊन वाचायला लागला. ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून, शर्मिष्ठाबाईंच्या विरोधासकट सगळं त्याने वाचलं. अण्णा उन्हात उभे राहून वाट बघत होते.

"इथे सही सेक्रेटरींची आहे," तो शेवटी म्हणाला. "तुमची नाही."

"माझी लागत नाही त्यावर."

"जबाबदारी तुमची असं लिहिलंय ना? मग लागते."

अण्णांनी खिशातलं पेन काढलं, कागद पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवला आणि सही केली. सहदेवने ती सही वरच्या नावाशी ताडून पाहिली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मग तो पुन्हा आळ्यात उतरला.